विहीर खोदायच्या खेळाचा मॉनिटर

मला काळजी करायला कारण लागत नाही. आई म्हणायची, ही बया उद्याच्या कालवणात मीठ जास्त पडेल म्हणून आजच डोळ्यांत पाणी आणून बसेल. खोटं नव्हतं ते. पण त्या वर्षी मला खरंखुरं कारण मिळालं होतं. आबांचा उजवा हात सुधारणार की नाही, हे एका मॉनिटरवर येऊन अडकलं होतं. आज कुणाला सांगितलं तर हसतील.

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, इंदापुरात मोटारी भरायचे. विहिरीवरची किंवा नदीवरची पाण्याची मोटार जळाली की तिची जळकी तार काढून नवी तार गुंडाळायची, हा त्यांचा धंदा. आजोबांनी जन्मभर मेंढरं राखली, आबांनी मेंढरं सोडून तांब्याची तार धरली. घराची पुढची खोली हेच दुकान. बावडा गावाकडचे लोक ट्रॅक्टरमध्ये मोटार टाकून आणायचे आणि आबा त्यांना आधी शिव्या घालायचे, मग चहा पाजायचे. शिव्या एकाच गोष्टीसाठी. व्होल्टेज कमी असलं की मोटार फिरत नाही, नुसती घुमते. अशी घुमायला लागली की तत्क्षणी बंद करायची असते. पण माणूस आशेवर उभा राहतो, जरा वेळानं उचलंल म्हणतो, आणि तेवढ्यात ती जळते. "घुमली की पहिला हात बटनावर," हे वाक्य मी पाळण्यात असल्यापासून ऐकलं असेन. आम्ही बहिणी त्या शेतकऱ्यांची नक्कल करून हसायचो, "म्हटलं उचलंल, आबा, म्हटलं उचलंल!"

नव्वदचं दशक निम्म्याच्या पुढं गेलं होतं. मार्गशीर्षात एका सकाळी आबा तार ओढताना खाली बसले ते उठलेच नाहीत. उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय महिनाभरात काठीच्या आधारानं चालू लागला. हात मात्र तसाच, बोटं तळव्यात मिटलेली. जीभ जड झाली होती, एका वेळी एखादा शब्द निघायचा, तोही कपाळावर घाम आणून. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी मला दाराबाहेर नेलं आणि सांगितलं, "जे काही परत यायचं ते सहा महिन्यांत येईल. बोटं हलती ठेवा. त्यानंतर फारशी आशा धरू नका." हे त्यांनी आईला सांगितलं नाही, आबांना सांगितलं नाही, मलाच सांगितलं. त्या दिवसापासून मी कॅलेंडरकडं सरळ नजरेनं बघितलं नाही.

बोटं हलती ठेवायची म्हणजे काय, तर रबरी चेंडू दाबायचा. आबांनी तो चेंडू डाव्या हातानं देवघराकडं भिरकावला. मोजून शंभर वेळा मूठ उघडमीट कर म्हटलं की भिंतीकडं तोंड. ज्या माणसानं केसाएवढी तार एकसारखी गुंडाळली, त्याला चेंडू दाब म्हणायचं! मलाच लाज वाटायची, पण लाज वाटून करते काय? मी चिडायचे, आई रडायची आणि हात तसाच राहायचा.

मी तेव्हा बारामतीला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. रोज एसटीनं जाऊन येऊन. क्लासमध्ये नवीन मशिनं आली तेव्हा सरांनी जुन्यातलं एक मला घरी न्यायला दिलं. अगदी पहिल्या पिढीतलं, हार्ड डिस्क नसलेलं, दोन मोठ्या फ्लॉपींवर चालणारं. त्याच्याबरोबर एक रंगीत मॉनिटर होता आणि सात-आठ खेळांच्या फ्लॉप्या. मी ते दुकानाच्या खोलीतच मांडलं, कारण नीट वायरिंग फक्त तिथंच होतं. आबांची खाटही तिथंच होती.

एका रविवारी मी जीव रमवायला एक खेळ लावला. एक बुटकं यंत्र जमिनीत बोगदे खणत फिरतं, हिरवे खडे गोळा करतं, आणि त्याच्यामागं दोन-चार राक्षस लागतात. मागून काठीचा आवाज आला. आबा उठून माझ्या खांद्यामागं उभे होते. पडद्याकडं बघून म्हणाले, "हीर." विहीर. मी स्टूल सरकवलं. त्यांनी डावा हात पुढं केला, पण त्या खेळाला दोन्ही हात लागतात. यंत्र फिरवायच्या बाणांच्या कळा कीबोर्डाच्या पार उजव्या कडेला आणि राक्षसावर गोळी मारायची कळ पार डाव्या कडेला. आबांनी डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि बाणांवर नेऊन ठेवला. मधल्या बोटानं एक कळ दबली.

त्यानंतर सांगावं लागलं नाही. सकाळी अर्धा तास, जेवणानंतर अर्धा तास, आबा विहीर खोदायचे. राक्षसानं गाठलं की तोंडातून शिवी निघायची, आणि गंमत म्हणजे शिवी अगदी स्वच्छ निघायची. आई आतून म्हणायची, बोलणं आलं बाई, देवाला डोळे हायेत. महिनाभरात मधलं आणि शेजारचं बोट मनासारखं हलायला लागलं. अंगठा जरासा बाजूला होऊ लागला.

मग मॉनिटर गेला. शेतीची लाइट गेली की व्होल्टेज चढून आमच्या घरातले दिवे एकदम भडकायचे, तसे भडकले, मॉनिटरच्या आत फट्‌ झालं आणि पडदा काळा पडला. बंद करून पुन्हा लावला, मधोमध एक पांढरी रेघ आली आणि तीही गेली. चौथा महिना नुकता लागला होता.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, क्लासमधलं नवीन मशीन वापरायचं. ते मी आधीच करून बघितलं होतं. नव्या मशिनावर तोच खेळ अशा वेगानं पळायचा की बोट कळेपर्यंत पोचायच्या आत राक्षस खाऊन मोकळा. धडधाकट माणसाचं चालत नव्हतं, तिथं आबांचं काय चालणार? आणि नवे मॉनिटर जुन्या मशिनाला लागत नव्हते. नव्यांच्या वायरीला पंधरा पिना, आमच्या मशिनाच्या पाठीला नऊ भोकं. म्हणजे मला जुनाच हवा होता, नऊ पिनांचा. जुने तर सगळे भंगारात चालले होते.

बारामतीत एमआयडीसीच्या रस्त्याला एक दुकानदार होता. आधी टीव्ही दुरुस्त करायचा, आता कारखान्यांच्या ऑफिसातली काढून टाकलेली मशिनं घेऊन विकायचा. त्याच्याकडं मी आठ दिवसांत चार वेळा गेले. आमचा गेलेला मॉनिटर दुरुस्त होणार नाही म्हणाला. रंगीत नव्हता. एक हिरव्या अक्षरांचा होता, सुबक, स्वच्छ, आणि वायरीला बरोबर नऊ पिना. मी दुकानातच वायर हातात घेऊन पिना मोजल्या. पाच वर, चार खाली. घरी मोजल्या होत्या तशाच. तरी मनात धाकधूक, म्हणून क्लासच्या सरांना विचारलं. सर म्हणाले, पिना बसल्या की चाललं, रंग दिसणार नाहीत एवढंच. त्यांनी सांगितलं म्हणून मी घेतला असं म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे इकडं आबांची बोटं पुन्हा मिटत चालली होती, आणि मला कुणीतरी "घे" म्हणायला हवं होतं.

घरी आणून जोडला. बटन दाबलं. पडद्यावर हिरव्या रेघा तिरप्या पळायला लागल्या आणि आतून एक बारीक, उंच, कानाला टोचणारा आवाज सुरू झाला. मी पाठीमागची गोल बटनं पिळायला लागले. रेघा जरा सरळ व्हायच्या, पुन्हा पळायच्या. मला वाटलं, जुना आहे, गरम झाला की स्थिरावेल.

खाटेवरून आबा म्हणाले, "बंद कर."

दोन शब्द. एकापाठोपाठ एक, स्पष्ट. एरवी मी आनंदानं नाचले असते. पण मला तेव्हा फक्त त्या रेघा दिसत होत्या. ते पुन्हा म्हणाले, "बंद कर," आणि खाटेच्या कडेवर डावा हात आपटला. मी मागं वळूनसुद्धा न बघता म्हणाले, "आबा, तुमी गप बसा जरा. ही काय मोटार न्हाय."

मिनिटभरानं आवाज थांबला आणि वास आला. तो वास मला ओळखायला वेळ लागला नाही, आमच्या घराला जन्मभर तोच वास. जळक्या तारेचा. पाठीमागच्या फटींतून धुराची बारीक रेघ वर गेली. आई धावत आली, तिनं मेन स्विच पाडला. आबा माझ्याकडं बघत होते. मग ते भिंतीकडं वळले.

मला कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. ज्या शेतकऱ्यांना आम्ही हसत होतो, त्यांच्यापेक्षा मी काय वेगळं केलं? मोटार भरणाऱ्याची पोर मी, आणि घुमणाऱ्या वस्तूसमोर उभी राहून म्हणतेय, जरा वेळानं उचलंल. वर ज्याला कळतंय त्यालाच गप बसवलं. वारं गेल्यापासून आम्ही सगळे त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोलायचो, त्यांनी खाल्लं का, झोपले का, जणू ते घरात नाहीतच. डॉक्टर माझ्याशी बोलायचे, पाहुणे आईशी बोलायचे. मीही त्यांना चमच्यानं भरवताना "आ करा" म्हणायचे. हे सगळं मला त्या जळक्या वासात दिसलं आणि माझी मलाच किळस आली.

दोन दिवसांनी बारामतीच्या कॉलेजातल्या लॅबमधल्या एका माणसानं मला समजावलं. नऊ पिनांचे मॉनिटर दोन जातींचे. पिना सारख्याच, पण रंगीताचा वेग वेगळा, हिरव्याचा वेगळा. रंगीताच्या मशिनाला हिरवा जोडला की तो चिरकतो आणि लगेच बंद केला नाही तर जळतो. "आवाज आला नाही का तुम्हाला?" त्यानं विचारलं. आला होता, म्हटलं.

पुढचे दिवस कसे गेले सांगता येत नाही. आबा खेळाविना, भिंतीकडं तोंड करून. मी रोज बोट धरून सरळ करायची, ते सोडलं की पुन्हा मिटायचं. पाचवा महिना लागला. आई म्हणाली, पोरी, तू खात न्हाईस, तूच आडवी पडशील. मी तिच्यावर खेकसले. रात्रंदिवस मनात एकच, माझ्या दोन मिनिटांच्या हट्टापायी आबांचा हात गेला तर?

आणि मग दुकानदाराचा क्लासच्या फोनवर निरोप आला. एका कारखान्याच्या ऑफिसातून दोन रंगीत आलेत, नऊ पिनांचे. या आणि बघून घ्या, पण एकदा नेलेला परत घेणार नाही.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. पैसे एकाचेच होते; दोनातला एक निवडायचा आणि तो चुकला तर पुन्हा संधी नाही, हे डोक्यातून जाईना. त्या संध्याकाळी मी आबांच्या खाटेशी बसले. म्हटलं, आबा, दोन मॉनिटर आहेत. मला निवडता येत नाही. तुम्ही चला.

आई म्हणाली, येडी झालीस काय, एवढ्या लांब न्यायचं त्यांना? आबांनी आईकडं बघितलं आणि डाव्या हातानं खुंटीवरची टोपी दाखवली.

जीपमध्ये पुढं बसवून नेलं. खड्डा आला की मी त्यांचा हात धरायची, ते सोडवून घ्यायचे. दुकानात दुकानदारानं त्यांना खुर्ची दिली आणि त्यानंतर तो माझ्याशीच बोलला. दोन्ही मॉनिटर मशिनाला जोडून दाखवले. पहिल्याचं चित्र इतकं सुरेख की माझा जीव भांड्यात पडला. लाल लाल, निळा निळा. दुसरा कळकट, पिवळा पडलेला, त्याच्यातला लाल विटकरी दिसत होता आणि एक कोपरा वाकडा. दुकानदार म्हणाला, ताई, विचार कसला करताय, पहिला न्या. मीही मान हलवलीच होती.

आबा म्हणाले, "पेचकस."

दुकानदाराला कळेना. मला कळलं. मोटारीच्या आत काय चाललंय ते ऐकायला आबा लाकडी मुठीचा पेचकस वापरायचे. टोक मोटारीच्या अंगाला, मूठ कानाला. डाव्या कानानं त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून कायम उजव्या कानाला, उजव्या हातानं. आता तो हात वर जात नव्हता. मी दुकानदाराचा पेचकस घेतला, मॉनिटरच्या पाठीला बाहेरून टोक टेकवलं आणि मूठ त्यांच्या कानाला लावून धरली. त्यांनी डोळे मिटले. दुकानदार माझ्याकडं बघून हसला, म्हणाला, "आबा, ह्यो काय पंप हाय व्हय?"

तेच मी घरी बोलून बसले होते.

पहिल्याशी आबा थोडाच वेळ थांबले. डोळे उघडून मान हलवली. "न्हाय. तडतडतंय." मग दुसऱ्याशी गेलो. तिथं बराच वेळ. मला हात अवघडला, पण हलवायची छाती झाली नाही. शेवटी म्हणाले, "ह्यो."

माझ्या डोळ्यांना पहिला चांगला दिसत होता. मला कुठलीही तडतड ऐकू आली नव्हती. सगळं मन ओरडत होतं की म्हाताऱ्या, आजारी माणसाचं ऐकून तू आणखी एक भंगार घरी नेणार आहेस. मी दुसरा बांधायला सांगितला. पहिला कुणी नेला, त्याचं पुढं काय झालं, मला माहीत नाही.

आजोबांचं घोंगडं बरोबर नेलं होतं, त्यात गुंडाळून मॉनिटर मांडीवर घेऊन आम्ही इंदापूरला आलो. घरी व्होल्टेजचा काटा जागेवर येईपर्यंत तासभर थांबलो. मग मी बटन दाबलं. आबा खाटेवर नव्हते, माझ्या बाजूला स्टुलावर होते. कसलाही चिरका आवाज नाही. हळूहळू उजेड आला, विटकरी रंगाचे राक्षस आले, वाकड्या कोपऱ्यात आमचं बुटकं यंत्र उभं राहिलं. मला रडूच कोसळलं.

आबांनी डाव्या हातानं उजवा उचलून बाणांवर ठेवला. बोट दबेना. मी त्यांच्या खांद्यावरून वाकले. म्हटलं, आबा, मधलं बोट, मधलं. म्हटलं, सावकाश. डावीकडून येतोय बघा. आबा, दुखतंय का? पडद्यावरचं यंत्र मेलं, पुन्हा उभं राहिलं, पुन्हा मेलं. बोटं थरथरत होती. माझ्या मनानं महिने मोजायला सुरुवात केली होती, आणि मला वाटतं ते माझ्या चेहऱ्यावर उघड दिसत असणार.

आबांनी हात कीबोर्डावरून काढला. माझ्याकडं वळले. वाक्य जुळवायला त्यांना बराच वेळ लागला, पण त्यांनी ते पुरं केलं.

"तू भाईर जा. तू बघतीस म्हणून हात भितोय."

मी पदरानं तोंड पुसलं, दाराबाहेर गेले आणि पायरीवर बसले. आईनं खुणेनं विचारलं, काय झालं? मी तिला गप राहायला सांगितलं. आत बराच वेळ सामसूम होती. उठून बघावं असं चारदा वाटलं, चारही वेळा मी पायरीची कड घट्ट धरली. मग डाव्या कडेची, गोळीची कळ वाजली. थोड्या वेळानं उजवीकडची, बाणाची, एकदा, मग दोनदा लागोपाठ. मी आत गेले नाही.